ब्लॅकबर्न रोव्हर्स २०१६-१७: शेवटचा सामना जिंकून तिसऱ्या श्रेणीत

काठावरचा
८ मे २०१७, सकाळी ९.१२

काल संध्याकाळी ब्लॅकबर्न रोव्हर्सनी ब्रेंटफर्डला त्यांच्याच ग्रिफिन पार्कवर ३-१ हरवलं आणि तरीही ते तिसऱ्या श्रेणीत गेले. इथे फुटबॉल म्हटलं की बार्सिलोना, माद्रिद आणि फार तर लिव्हरपूल, याची कल्पना आहे. तरी धागा काढतोय, कारण हा क्लब पुण्याच्या राव कुटुंबाच्या, म्हणजे कोंबड्या-अंड्यांच्या धंद्यातल्या वेंकीजवाल्यांच्या मालकीचा आहे आणि पुण्यातल्या एकाही पेपरात आज याची धड बातमी नाही.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी: प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप. २४ संघ, प्रत्येकी ४६ सामने. तळाचे तीन संघ त्याखालच्या लीग वनमध्ये ढकलले जातात. यंदा रॉदरहॅम २३ गुणांवर आणि विगन ४२ गुणांवर आधीच बाद झाले होते. तिसरी जागा कोणाची, एवढंच काल ठरायचं होतं. ब्लॅकबर्न, नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि बर्मिंगहॅम असे तिघे टांगणीला लागलेले. ब्लॅकबर्न तिघांत खाली, म्हणजे स्वतः जिंकायचं आणि दुसरं कुणीतरी घसरेल याची वाट बघायची.

पहिल्या सोळा-सतरा मिनिटांतच २-० झालं. मल्ग्रू आणि गथ्री. तेवढा वेळ मी चक्क खुर्चीवरून उठून उभा होतो. मग तिकडे बर्मिंगहॅमने ब्रिस्टलमध्ये गोल केला, मध्यंतराच्या तोंडावर फॉरेस्टला पेनल्टी मिळाली, आणि दुसऱ्या सहामाहीत आपण ब्रेंटफर्डचा सामना बघतोय की गुणतक्ता, हेच कळेना. बर्मिंगहॅम १-० जिंकलं. फॉरेस्टने इप्सविचला ३-० हरवलं. फॉरेस्ट ५१ गुण, ब्लॅकबर्न ५१ गुण. मग बघायचा गोलफरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले गोल: फॉरेस्टचा उणे १०, आपला उणे १२. संपलं.

५० गुण झाले की सुटलो, असं तिकडे सर्रास धरून चालतात. ५१ गुण घेऊन बुडायला नशीब फुटकं लागतं हे मान्य. पण नशिबावर ढकलून मोकळं व्हायला मी तयार नाही. माझं म्हणणं असं की हा संघ काल बुडालाच नाही. तो ऑगस्टमध्ये बुडायला लागला आणि फेब्रुवारीपर्यंत कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

ऑगस्टचंच बघा. पहिल्या सामन्यात घरच्या मैदानावर नॉरिचकडून १-४. मग कार्डिफला शेन डफीने एकाच सामन्यात दोन स्वयंगोल केले आणि वर लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. त्याची थट्टा झाली, पण तो बचावपटू चांगला होता आणि महिना संपायच्या आत ब्रायटनला विकला गेला. त्याचा जोडीदार ग्रँट हॅनली त्याआधीच न्यूकॅसलला. यंदा चॅम्पियनशिपमधून थेट वर कोण गेलं? न्यूकॅसल आणि ब्रायटन. मधल्या बचावाची आख्खी जोडी वर जाणाऱ्या दोघांना वाटून टाकली आणि स्वतः खाली गेलो. लीगमधला पहिला विजय बघायला सप्टेंबर उजाडला.

आणि हेच येडे न्यूकॅसलला दोन्ही वेळा हरवतात! नोव्हेंबरमध्ये त्यांच्या सेंट जेम्स पार्कवर १-०, २ जानेवारीला आपल्या ईवुड पार्कवर १-०. दोन्ही गोल मल्ग्रूचे. ९४ गुण घेऊन विजेता ठरलेला संघ, त्याच्याकडून सहाच्या सहा गुण. मग उरलेल्या ४४ सामन्यांत काय केलं? ४५ गुण.

मॅनेजर ओवेन कॉइलला २१ फेब्रुवारीला घालवलं. तोवर ३१ सामन्यांत २९ गुण. टोनी मोब्रे आला, त्याने १५ सामन्यांत २२ गुण काढले, हार फक्त तीनदा. त्याच गतीने पूर्ण हंगाम गेला असता तर ६७ च्या आसपास गुण झाले असते आणि आज मी हा धागा काढला नसता. मोब्रे डिसेंबरात मोकळाच होता. कॉव्हेंट्री त्याने सप्टेंबरमध्येच सोडली होती.

तेव्हा प्रश्न एवढाच: डिसेंबरात निर्णय घ्यायला त्या क्लबात कोण बसलं होतं?

तळटीप: काल ७ मे. पाच वर्षांपूर्वी ७ मे २०१२ लाच विगनकडून ०-१ हरून हा क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला होता. तारखा तरी बदलायच्या.


झाडाखाली
८ मे २०१७, सकाळी ९.४०

दोन गोलांनी? अरारा. म्हणजे अजून दोन मारले असते तर वाचले असते?


काठावरचा
८ मे २०१७, सकाळी ९.५५

नाही हो. दोन जास्त मारले असते तर गोलफरकही सारखा झाला असता, आणि मग एकूण केलेले गोल मोजतात. फॉरेस्टचे ६२, आपले तेव्हा ५५ झाले असते. तरी खालीच. तीन जास्त लागले असते, म्हणजे ६-१. त्यापेक्षा वर्षभरातल्या १५ बरोबऱ्यांपैकी एक जिंकली असती तर हा हिशेबच करावा लागला नसता.


ताळेबंद
८ मे २०१७, सकाळी १०.३०

चांगला धागा. एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते ती सगळ्यात मोठी आहे. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबला काही वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा मिळत राहतो, त्याला तिकडे पॅराशूट पेमेंट म्हणतात. खेळाडूंचे पगार प्रीमियर लीगच्या मापाचे आणि उत्पन्न चॅम्पियनशिपचं, अशी अवस्था एकदम येऊ नये म्हणून ही सोय. २०१२ मध्ये जे खाली आले त्यांना ती चार वर्षं होती. मोजा: १२-१३, १३-१४, १४-१५, १५-१६. म्हणजे २०१६-१७ हा ब्लॅकबर्नचा पॅराशूटशिवायचा पहिला हंगाम, आणि पहिल्याच हंगामात ते आपटले.

हे काही आकाशातून पडलेलं संकट नव्हतं. २०१२ मध्ये कागदावर तारीख लिहिलेली होती. चार वर्षांत एक तर वर जायचं, नाहीतर खर्च बसवून ठेवायचा. यांनी जॉर्डन ऱ्होड्ससाठी मोठी रक्कम मोजली. तो गोलही धो धो करत होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाकीचा पगारखर्च आटोक्यात आला नाही आणि लीगच्या आर्थिक नियमांत सापडून डिसेंबर २०१४ पासून वर्षभर खेळाडू विकत घ्यायला बंदी आली. बंदी उठायच्या आधीच विकायची वेळ आली होती. गेस्टेड गेला, केर्नी गेला, २०१६ च्या फेब्रुवारीत ऱ्होड्सही गेला. डफी आणि हॅनली ही त्याच माळेतली शेवटची मणी.

त्यामुळे 'ऑगस्टमध्ये बुडायला लागला' हे मला अर्धंच पटतं. ऑगस्टमध्ये पाणी दिसलं एवढंच.


रिबलकाठची
८ मे २०१७, दुपारी २.१५

मी इथे लँकेशायरमध्येच राहते, ब्लॅकबर्नपासून फार लांब नाही. आमच्या ऑफिसात रोव्हर्सवाले आहेत आणि बर्नलीवालेही आहेत, त्यामुळे आजचा दिवस कसा गेला असेल ते समजून घ्या.

काठावरचा, तुम्ही कॉइलचं नाव लिहिलंत पण तो कोण हे नाही लिहिलंत. कॉइल म्हणजे बर्नलीला २००९ मध्ये प्रीमियर लीगमध्ये नेणारा माणूस. ब्लॅकबर्न आणि बर्नली यांच्यात किती अंतर आहे हे नकाशात बघा, आणि वैर किती आहे ते इथे येऊन बघा. मग तो बोल्टनला गेला आणि बोल्टन २०१२ मध्ये ब्लॅकबर्नच्याच जोडीने खाली आलं. पुढे विगन, तिथे काही महिनेच. त्यानंतर अमेरिकेत ह्यूस्टन. तिथून आणून याला गेल्या जूनमध्ये ईवुडवर बसवलं. निवड जाहीर झाली तेव्हाच लोकांनी सीझन तिकिटं काढायची नाहीत असं ठरवलं होतं. पहिला चेंडू लाथाडण्याआधीच हा हंगाम लोकांच्या मनातून उतरला होता.

ईवुड पार्कवर ३१ हजार लोक मावतात. यंदाची सरासरी साडेबारा हजारांच्या आसपास आहे. मालक आले त्या वर्षी, म्हणजे २०१०-११ ला, ती पंचवीस हजार होती. अर्धे लोक गेले. हे लोक बर्नलीला किंवा मँचेस्टरला गेले नाहीत. शनिवारी दुपारी घरी बसतात, रेडिओ लावतात आणि चिडतात.

ऑक्टोबरमध्ये वुल्व्ह्जविरुद्धच्या सामन्याला एक निषेध झाला होता. क्लबची स्थापना १८७५ ची, म्हणून १८ व्या मिनिटाला आत यायचं आणि ७५ व्या मिनिटाला बाहेर पडायचं. ऐकायला गंमत वाटते. पण तिकीट काढून, गाडी लावून, थंडीत दाराबाहेर थांबून राहिलेल्या माणसांना आतला खेळ ऐकू येत असतो. ज्यांना क्लब नकोसा झालाय ते असं करत नाहीत.


कुक्कुटपालक
८ मे २०१७, दुपारी ३.०५

आता जरा दुसरी बाजू. मी याच धंद्यातला आहे, अंड्यांच्या पक्ष्यांचा फार्म आहे, आणि राव कुटुंबाचा नोकर नाही हे आधीच सांगतो.

बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हॅचरी काढली. नंतर अंड्याचा भाव व्यापाऱ्याने पाडायचा आणि शेतकऱ्याने मुकाट्याने घ्यायचा, हा प्रकार मोडायला एनईसीसी, म्हणजे अंडी उत्पादकांची समन्वय समिती, उभी केली. 'संडे हो या मंडे' तुम्हाला जाहिरात म्हणून आठवतं, आमच्याकडे त्यावर घरं उभी राहिली. त्या माणसाच्या मुलांनी परदेशात एक क्लब घेतला तर लगेच 'कोंबडीवाले' म्हणून खिल्ली. तिकडच्या वर्तमानपत्रांनीही तेच केलं आणि इथलेही तेच करतात.

पैशाचं म्हणाल तर क्लबला या कुटुंबाने आजवर शंभर दशलक्ष पौंडांहून जास्त कर्जाऊ दिले आहेत. परत मिळायची आशा कुणाला असेल असं वाटत नाही. स्टेडियम विकलं नाही. पहिल्या दर्जाची अकादमी, जी चालवायला मोठ्या क्लबांनाही जड जाते, ती बंद केली नाही. इंग्लंडमध्ये असेही मालक होऊन गेलेत ज्यांनी मैदान विकून घरं बांधली. यांच्यावर टीका करा, पण लुटारूंच्या रांगेत उभं करू नका.


काठावरचा
८ मे २०१७, दुपारी ४.२०

लुटारू कोण म्हणालं? मी तर उलट म्हणतोय. पैसा होता, म्हणूनच चीड येते.

क्लब घेतला नोव्हेंबर २०१० मध्ये, २३ दशलक्ष पौंडांना. महिन्याभरात, १३ डिसेंबरला, सॅम अलार्डाइसला काढलं. संघ तेव्हा प्रीमियर लीगमध्ये तेराव्या क्रमांकावर होता. तेरावा! आज तो तेरावा क्रमांक मिळावा म्हणून लोक नवस बोलतील. त्याच्या जागी आतल्याच स्टीव्ह कीनला बसवलं. कीन गेल्यावर हेनिंग बर्ग, ५७ दिवस. मायकल अ‍ॅपलटन, ६७ दिवस. बर्गला करार मोडल्याबद्दल कोर्टाच्या निकालाने सव्वादोन दशलक्ष पौंड द्यावे लागले. दहा सामन्यांच्या माणसाला! मग बोयर, लॅम्बर्ट, कॉइल, मोब्रे. अलार्डाइसनंतर साडेसहा वर्षांत सातवा कायमचा मॅनेजर.

हा सगळा पैसा तुमच्या त्या शंभर दशलक्षात मोजला जातो. देणारा हात सैल आहे, पण तो हात ज्या माणसाचा आहे तो सामन्याला क्वचितच येतो. रोजच्या रोज क्लबात बसून नाही म्हणणारा, 'हा मॅनेजर आणू नका, लोक भडकतील' असं तोंडावर सांगणारा अधिकारी माणूस नाही. पुण्यात बसून एखादा कारखाना चालवता येईलही, कारण तिथे वर्षानुवर्षं मुरलेले व्यवस्थापक असतात. इथे मुरलेली माणसं सुरुवातीच्या वर्षांतच निघून गेली किंवा घालवली गेली.


ऑफसाइडनाना
८ मे २०१७, संध्याकाळी ६.४८

पेपरवाले 'प्रीमियर लीग विजेता तिसऱ्या श्रेणीत जाण्याची पहिलीच वेळ' असं छापतायत. साफ चूक. मँचेस्टर सिटी १९९८-९९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत खेळली आहे. लोकांची स्मरणशक्ती दोन हंगामांपुरतीच असते.


काठावरचा
८ मे २०१७, संध्याकाळी ७.०२

नाना, सिटी खाली होती हे बरोबर, पण प्रीमियर लीग त्यांनी त्यानंतर जिंकली, २०१२ मध्ये. आधी जिंकून मग इतकं खाली जाणारा ब्लॅकबर्नच पहिला. २०१७ पर्यंत सहाच क्लबांनी ती जिंकली आहे.


ऑफसाइडनाना
८ मे २०१७, संध्याकाळी ७.१०

बरं बरं. पण १९९५ चं कौतुक किती करायचं तेही ठरवा. जॅक वॉकरने पोलादात कमावलेला पैसा ओतला, शिअरर आणला, डॅल्ग्लिशला मॅनेजर केलं आणि विजेतेपद घेतलं. शेवटच्या दिवशी अ‍ॅनफिल्डवर हरले होते २-१, मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमकडे जिंकू शकलं नाही म्हणून चषक मिळाला. विकत घेतलेलंच यश होतं तेही.


रिबलकाठची
८ मे २०१७, संध्याकाळी ७.३५

नाना, वॉकर ब्लॅकबर्नचाच होता हो! लहानपणापासून याच क्लबचा चाहता. पैसा ओतला तसं तीन बाजूंनी स्टेडियमही नव्याने बांधून दिलं. २००० मध्ये तो गेला, पण आजही मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे आणि लोक तिथे फुलं ठेवतात. त्यामुळे मालकाने पैसा ओतणं इथे कुणाला खुपत नाही. विचारायला गेलं तर समोर माणूस नसतो, ते खुपतं.

आणि १९९५ च्या आधीही क्लब होता. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापकांपैकी हा एक. एफए कप सहा वेळा, त्यातले पाच एकोणिसाव्या शतकातले. आमच्या ऑफिसातल्या एका काकांना १९८० पर्यंतची तिसरी श्रेणीही आठवते, त्यानंतर हा क्लब इतका खाली कधी गेला नव्हता. त्यांचं म्हणणं, तेव्हा गरिबी होती म्हणून गेलो होतो, आता कशामुळे गेलो ते सांगा.


रंकाळा_रायडर
८ मे २०१७, रात्री ८.२०

कोल्हापुरात असलं काही चालत नाही भावा. इथं तालमीचा संघ हरला की शाहू स्टेडियममधून बाहेर पडताना पदाधिकाऱ्याला पेठेतनंच घरी जायला लागतं. पाटाकडीलवाल्यांना विचार, दिलबहारवाल्यांना विचार. मालक सातासमुद्रापार असला की हे शक्य नाही. तेवढाच फरक.

बाकी आम्हाला त्या ब्लॅकबर्नचं काय पण माहीत नव्हतं, धागा वाचून मजा आली.


मीठागर
८ मे २०१७, रात्री ९.००

रायडरदादा, एवढं लांब कशाला, आठवड्यापूर्वी आपली मुंबई एफसी आय-लीगमधून तळाला राहून बाहेर गेली ते कुणी लिहिलं का? आणि गंमत बघा. ज्या खालिद जमीलने वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशात मुंबई एफसीला तरंगत ठेवलं त्याला गेल्या वर्षी घालवलं. तो गेला मिझोरमला, आयझॉलला, आणि परवा ३० एप्रिलला आयझॉलला आय-लीग जिंकून दिली! इकडे मुंबई खाली. अलार्डाइसचं वाचलं आणि तेच आठवलं.


झाडाखाली
८ मे २०१७, रात्री ९.१२

मीठागर, यावर वेगळा धागा काढा, प्लीज. वाचायला आवडेल.


सत्तेचाळीसावा_सामना
८ मे २०१७, रात्री ११.३०

सगळे मोब्रेला डोक्यावर घेतायत म्हणून थोडं पाणी ओततो. १५ सामन्यांत हार तीनदाच, कबूल. पण त्या तिन्ही हारी एप्रिलच्या सुरुवातीला सलग आल्या, जेव्हा सगळं ठरत होतं. आणि सात बरोबऱ्या. बरोबरीचा एक गुण मार्चमध्ये गोड लागतो आणि मे महिन्यात कडू. पुढे डॅनी ग्रॅहम आणि उसना आणलेला गॅलाघर, दोघांनी मिळून वीसहून जास्त गोल केले, म्हणजे पुढच्या फळीला अगदीच बोल लावता येत नाही. त्या सात बरोबऱ्यांत कुठेतरी धोका पत्करायला हवा होता.

कॉइललाही थोडा न्याय द्या. त्याने मल्ग्रूला सेल्टिककडून फुकटात आणलं, तोच यंदाचा सगळ्यात शहाणा सौदा. शेवटच्या आठवड्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध कपच्या सामन्यात आधी आघाडी घेतली होती, मग रॅशफर्ड आणि झ्लाटानने २-१ केलं. दोन दिवसांत नोकरी गेली. त्या दिवशी संघ मॅनेजरसाठी खेळत नव्हता असं कुणी म्हणणार नाही.


काठावरचा
९ मे २०१७, सकाळी ८.०५

मोब्रेच्या बरोबऱ्यांबद्दल: तो आला तेव्हा संघ तळाच्या तिघांत होता आणि जानेवारीची खरेदी-विक्री बंद होऊन तीन आठवडे झाले होते. त्याच मुदतीत बेन मार्शलला वुल्व्ह्जला विकून झालं होतं. दुसऱ्याने भरलेला डबा घेऊन तो प्रवासाला निघाला. हार टाळणं हे त्याला आधी संघाला शिकवावं लागलं. शेवटचे दोन सामने, व्हिला आणि ब्रेंटफर्ड, दोन्ही जिंकले. त्याहून जास्त काय करायचं?

कॉइलचं, पटलं. तो वाईट माणूस नव्हता, चुकीच्या गावात आणलेला माणूस होता. ते त्याला नाही, आणणाऱ्यांना कळायला हवं होतं.


खारेदाणे
९ मे २०१७, सकाळी १०.४०

मैदानावर कोंबडी सोडली होती तो हाच क्लब ना? आणि खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून तंगड्या खातायत ती जाहिरात?


काठावरचा
९ मे २०१७, सकाळी १०.५५

हाच. कोंबडी २०१२ ची, विगनच्याच त्या सामन्यातली. क्लबचा झेंडा गुंडाळून सोडली होती. हसून झालं असेल तर पुढे जाऊ.


बालेवाडी_हायस्ट्रीट
९ मे २०१७, दुपारी १.१५

हसायचं नाही, पण मला तो २०११ चा ऑक्टोबर आठवतो. ब्लॅकबर्न बालेवाडीत येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेले. प्रीमियर लीगचा संघ पुण्यात! आम्ही सगळे निळ्या-पांढऱ्या जर्सीकडे बघत होतो आणि वाटत होतं आता दरवर्षी येतील, पुण्यात अकादमी निघेल, इकडचं एखादं पोर तिकडे जाईल. सात महिन्यांत ते खाली गेले आणि तो विषयच संपला.

मला वाटतं दोन्ही गावांची फसगत एकाच वेळी झाली. तिकडच्यांना वाटलं भारतातून पैसा आणि नवी बाजारपेठ येईल, इकडे आम्हाला वाटलं फुटबॉल येईल.


ताळेबंद
९ मे २०१७, दुपारी ३.००

बालेवाडी, नेमकं लिहिलंत. घ्यायचा मूळ हिशेबच तो असावा: प्रीमियर लीग जगभर दिसते, तर आपलं नाव जगभर दिसेल. जाहिरातीचा खर्च म्हणून बघितलं तर २३ दशलक्ष स्वस्त वाटले असतील. पण जाहिरात थांबवता येते, क्लब थांबवता येत नाही. दर महिन्याला पगार लागतात. लीग वनमध्ये टीव्हीचा पैसा आणखी आटतो, खर्च तेवढ्या वेगाने आटत नाही. पुढचा हंगाम मालकांनी खिशातून भरला तर कुक्कुटपालकांचं म्हणणं खरं ठरेल. नाही भरला तर क्लब तिसऱ्या श्रेणीतही टिकायचा नाही.

आणि 'विकून का टाकत नाहीत' असं विचारणाऱ्यांसाठी: एवढं कर्ज डोक्यावर असलेला तिसऱ्या श्रेणीतला क्लब विकायचा म्हणजे कर्ज सोडून द्यायचं. कोण सोडेल?


कुक्कुटपालक
९ मे २०१७, संध्याकाळी ५.३०

भरतील. रावांच्या पोरांनी अर्ध्यावर बॅच सोडलेली मी ऐकली नाही. मात्र एक कबूल करतो. फार्मवर रोज सकाळी स्वतः फेरी मारल्याशिवाय पक्षी जगत नाहीत, हे त्यांच्या वडिलांनीच आम्हाला शिकवलं होतं.


रिबलकाठची
९ मे २०१७, रात्री १०.१०

आज ऑफिसात बातमी अशी की मोब्रे राहणार म्हणतायत. काका म्हणाले, राहिला तर तिकीट काढीन. एवढंच म्हणाले आणि कॉफी घ्यायला गेले. त्यांच्याकडून हे फार झालं.

(धागा जवळपास वर्षभर थंड)

रिबलकाठची
२५ एप्रिल २०१८, पहाटे ३.२०

धागा वर काढतेय. काल रात्री डॉनकास्टरला १-० जिंकून रोव्हर्स परत चॅम्पियनशिपमध्ये! गोल कुणाचा ते ओळखा.


काठावरचा
२५ एप्रिल २०१८, सकाळी ७.००

मल्ग्रू. दुसरं कोण.

मोब्रे राहिला, मालकांनी पैसे भरले, ब्रॅडली डॅक आणला आणि त्याने लीग वन हलवून सोडली. कुक्कुटपालक, तुमचं पैशाबद्दलचं भाकीत खरं ठरलं हे जाहीरपणे लिहितो. माझा प्रश्न मात्र तसाच आहे. मोब्रे उद्या दुसरीकडे गेला तर पुढचा माणूस निवडणार कोण?


कुक्कुटपालक
२५ एप्रिल २०१८, सकाळी ७.४५

आज तरी नको हो काढू तो विषय. पेढे कुठे आहेत ते सांग.


ऑफसाइडनाना
२५ एप्रिल २०१८, सकाळी ८.१५

पेढे विगन खाणार. गुणतक्त्यात तेच वर आहेत.